मार्करचं नाव बोर्डावर नव्हतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रात एकाने लिहिलं होतं की शहरातलं एक टेनिस कोर्ट दिवसभर रिकामं पडून असतं, सकाळी चार साहेब लोक येतात, तासभर खेळतात आणि गाडीत बसून जातात, तेव्हा ती जागा मोकळी करून तिथं पार्किंग करा, टेनिस हा काय सोलापूरचा खेळ नाही, बड्या लोकांचा खेळ आहे. पत्र वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. त्या वाचकाचा राग आला असं नाही, कारण कोर्ट रिकामं असतं हे खरंच आहे, मी रोज त्याच रस्त्याने जातो, गेटला कुलूप असतं. पण कुलूप आहे म्हणून खेळच नको हे काही पटलं नाही. कुलूप काढा की. म्हणून लिहायला बसलो, पत्र जरा लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी आता पासष्टीला आलो. पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात सगळी उमेदीची वर्षं गेली, पण त्याआधी शाळेत असताना मी बॉल गोळा करणारा पोरगा होतो. आमचे वडील, आम्ही सगळी भावंडं त्यांना दादा म्हणायचो, ते शहरातल्या एका क्लबात टेनिस मार्कर होते. मार्कर म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागेल. क्लबाने पगारावर ठेवलेला माणूस. पहाटे उठून मुरमाच्या कोर्टवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याने लाईनी आखायच्या, जाळी बांधायची, नवीन मेंबरला शिकवायचं, मेंबरच्या पोरांना शिकवायचं, आणि डबल्सला चौथा माणूस आला नाही तर तिथं उभं राहायचं, तो आला की बाजूला व्हायचं.

रॅकेटी तेव्हा लाकडाच्या. पावसाळी हवेत लाकूड वाकायचं म्हणून प्रत्येक रॅकेट एका लाकडी चौकटीत घालून ठेवायची, त्याला प्रेस म्हणायचे, चार कोपऱ्याला चार स्क्रू आवळायचे. आमच्या खोलीत भिंतीला अशा आठदहा प्रेस टांगलेल्या असायच्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. रॅकेटला तात असायची जनावराच्या आतड्याची. ती तुटली की दादा रात्री जेवण झाल्यावर कंदिलाजवळ रॅकेट मांडीवर घेऊन बसायचे, एका हातात टोचा, तो भोकात घालून आधीची तात घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताला फडकं गुंडाळून पुढची ओढायची. सगळी भरून झाली की नखाने टिचकी मारायचे आणि रॅकेट कानाजवळ न्यायचे. आवाजावरून सांगायचे की ही अमुक साहेबांना सैल लागेल, अजून एकदा ओढतो. मशीन नाही वजन नाही काही नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला त्या तातीने पडलेला खाचा शेवटपर्यंत होता, आमच्या आईने तो हात हातात घेऊन कितीदा तेल लावलं असेल.

तर सांगायचं हे की क्लबाच्या हॉलमध्ये एक लाकडी बोर्ड होता, त्यावर सोनेरी अक्षरात दर वर्षीच्या सिंगल्स विजेत्याचं नाव. त्यातल्या निम्म्या लोकांना बॅकहँड दादांनी शिकवलेला. मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी मेंबर म्हणायचे चल मार्कर एक सेट होऊन जाऊ दे, आणि दादा चार गेम द्यायचे आणि सहा घ्यायचे, कारण सहा-लव्ह म्हणजे सहा-शून्य मारलं तर साहेबाचा मूड जातो. पण बोर्डावर दादांचं नाव कधी आलं नाही. त्यांना क्लबाच्या वार्षिक कपमध्ये उतरताच येत नव्हतं. मी दहा अकरा वर्षांचा असताना एकदा विचारलं, दादा तुम्ही का नाही खेळत कपला? ते म्हणाले, आपण पैसे घेतो ना रे. एवढंच. मला वाटायचं हा आपल्या क्लबाचा नियम आहे. मोठेपणी वाचायला लागलो तेव्हा कळलं की हा नियम जगाचा होता, आणि टेनिस आज जे काय आहे ते हा नियम मोडल्यामुळे आहे. त्या वाचकांना मला हेच सांगायचंय.

बड्यांचा खेळ होता हे मात्र शंभर टक्के कबूल. मूळ फ्रान्समधलं, तिथं आधी रॅकेटच नव्हती, तळहाताने बॉल मारायचे, त्या खेळाचं नावच तळहातावरून पडलेलं. राजवाड्यात चार भिंतीच्या आत खेळायचे. मारणारा समोरच्याला ओरडून सांगायचा तेने, म्हणजे घे, त्यावरून टेनिस शब्द आला असं मानतात. पंधरा, तीस, चाळीस ही मोजणीही त्याच जुन्या खेळातून आली. १७८९ साली फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींना सभागृहाचं दार बंद केलं तेव्हा ते सगळे व्हर्सायच्या अशाच एका टेनिस कोर्टात जमले आणि राज्यघटना मिळेपर्यंत उठणार नाही अशी शपथ घेतली, फ्रेंच राज्यक्रांतीत तिला टेनिस कोर्टची शपथ म्हणतात, शाळेच्या इतिहासात आपण वाचलेलं असतं पण तेव्हा कोर्ट म्हटलं की आपल्याला कचेरीच डोळ्यासमोर येते.

मग इंग्लंडात हा खेळ भिंतीतून बाहेर हिरवळीवर आला, आणि त्याला कारण रबर. व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे गंधक घालून तापवून पक्कं केलेलं रबर निघालं तेव्हा कुठं गवतावर नीट उसळणारा बॉल करता आला, जुना कापडाचा बॉल गवतावर मेल्यासारखा पडायचा. गवत बारीक कापायचं मशीनही त्याच शतकातलं. १८७४ साली मेजर वॉल्टर विंगफिल्ड नावाच्या माणसाने जाळी, रॅकेटी, बॉल असा सगळा संच पेटीत घालून विकायला काढला, पेटंट घेतलं, त्याचं कोर्ट मधे निमुळतं होतं, डमरूसारखं. तीनच वर्षात म्हणजे १८७७ ला विम्बल्डनच्या क्लबाने पहिली स्पर्धा घेतली. मूळ क्लब क्रोकेचा, म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्याने बॉल मारायच्या खेळाचा, टेनिस नंतर घेतलेलं. हिरवळीचा रोलर बिघडला होता, दुरुस्तीला पैसे पाहिजे होते म्हणून स्पर्धा घेतली असं सांगतात. दादांना ही गोष्ट सांगायची माझी राहून गेली, आयुष्यभर रोलर ओढलेल्या माणसाला ती किती आवडली असती. फक्त २२ जण खेळले, सगळे पुरुष, स्पेन्सर गोर जिंकला, फायनल बघायला साधारण दोनशे माणसं, एक शिलिंग तिकीट. पण डमरूचं कोर्ट त्यांनी काढून टाकलं आणि चौकोनी केलं, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद, आजही सिंगल्सचं कोर्ट बरोबर तेवढंच आहे, एक इंच बदललेलं नाही.

आता बघा, त्याच १८७७ साली आपल्या सोलापुरात काय झालं? सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल निघाली. दोन्ही एका वर्षाच्या. या मिलचं आणि टेनिसचं काय नातं असं कोणी म्हणेल, तर नातं आहे, ते सांगतो.

इंग्लंडात स्टॉकपोर्ट नावाचं गाव आहे, सुताच्या गिरण्यांच्या भागातलं. तिथं एका सूतगिरणीत काम केलेल्या माणसाच्या घरी फ्रेड पेरी जन्मला. बाप पुढं कामगारांच्या राजकारणात गेला, खासदार झाला, पण मूळचा गिरणीतला. पोरगा आधी टेबल टेनिसमध्ये १९२९ साली जगज्जेता झाला, मग या टेनिसकडे वळला आणि १९३४, ३५, ३६ लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डन जिंकला. पहिल्यांदा जिंकला तेव्हा क्लबाच्या एका पदाधिकाऱ्याने हरलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूला जाऊन सांगितलं की खरा चांगला माणूस आज जिंकला नाही, आणि विजेत्याला द्यायचा मेंबरशिपचा टाय कोणी हातात दिला नाही, खुर्चीवर ठेवलेला होता. पेरीने हे स्वतः सांगितलेलं आहे. मग ३६ च्या शेवटी तो पैसे घेऊन खेळायला लागला, प्रोफेशनल झाला, तर क्लबाने त्याची मेंबरशिपच काढून घेतली. आपण पैसे घेतो ना रे. तेच. पुढं त्याच क्लबाने १९८४ ला त्याचा पुतळा उभा केला. आणि त्याच्यानंतर ब्रिटनच्या पुरुषाला तिथं सिंगल्स जिंकायला २०१३ उजाडलं, अँडी मरे, ७७ वर्षं गेली मधे.

हौशी आणि पगारी हा भेद टेनिसने इतका ताणून धरला की शेवटी खेळच अर्धा झाला. विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, या चारही मोठ्या स्पर्धा फक्त हौशी लोकांच्या. म्हणजे ज्याच्या घरी खायला आहे त्याच्या. ज्याला पोट भरायचंय त्याने एक तर लपूनछपून आयोजकाकडून पाकीट घ्यायचं, आणि ते सर्रास चालायचं, सगळ्यांना माहीत होतं, नाही तर उघड प्रोफेशनल व्हायचं आणि या चारही स्पर्धांना कायमचा रामराम. ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर, डावखुरा, अंगाने किरकोळ, त्याने १९६२ ला चारही स्पर्धा एका वर्षात जिंकल्या आणि मग प्रोफेशनल झाला, तर १९६३ ते ६७ पाच वर्षं त्याला एकाही मोठ्या स्पर्धेत पाय ठेवू दिला नाही. जगातला सगळ्यात चांगला खेळाडू बाहेर आणि आत कपचं वाटप चालू. लोकांनाही ते कळत होतं, आणि शेवटी विम्बल्डनवाल्यांनीच ठरवलं की हे ढोंग पुरे.

२२ एप्रिल १९६८. इंग्लंडात बॉर्नमथला पहिली ओपन स्पर्धा सुरू झाली, हौशी आणि प्रोफेशनल एकत्र. ओपन हा शब्द आपण फ्रेंच ओपन यूएस ओपन म्हणताना सहज वापरतो, पण तो शब्द या एका दिवसामुळे आहे, ओपन म्हणजे दार उघडलं. त्याच स्पर्धेत मार्क कॉक्स नावाच्या हौशी इंग्रज पोराने पांचो गोन्झालेस या जुन्या कसलेल्या प्रोफेशनलला पाच सेटमध्ये हरवलं. गंमत म्हणजे बायकांची फायनल जिंकलेल्या व्हर्जिनिया वेडने बक्षिसाचे पैसे घेतलेच नाहीत, अजून हौशी राहायचं म्हणून, इतकी ती जुनी सवय खोल होती. मग विम्बल्डनला लेव्हर परत आला, आला तोच जिंकला, २००० पौंड मिळाले, आणि पुढच्या वर्षी १९६९ ला परत चारही स्पर्धा. दोनदा हे करणारा सिंगल्सचा खेळाडू अजून तोच एकटा. मधली पाच वर्षं त्याला खेळू दिलं असतं तर काय झालं असतं कोण सांगणार.

तेव्हा मी आठ वर्षांचा, दादा पस्तीस छत्तीसचे. सोलापूरच्या क्लबात ही बातमी कोणी त्यांना सांगितली असेल असं वाटत नाही. मेंबर लोकांच्या वार्षिक कपचा नियम तर तसाच राहिला. जगाचं दार उघडलं, आमचं उघडलं नाही.

त्याच ६८ च्या विम्बल्डनमध्ये बायकांची फायनल बिली जीन किंगने जिंकली, तिला ७५० पौंड. लेव्हरला २०००. म्हणजे एक दार उघडलं तर आत दुसरं बंद निघालं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका स्पर्धेत तर पुरुषाला १२,५०० डॉलर आणि बाईला १,५००. तेव्हा नऊ जणींनी ह्यूस्टनला एकेका डॉलरच्या नाममात्र करारावर सह्या केल्या आणि स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या, अमेरिकेच्या टेनिस संघटनेने बंदी घालायची धमकी दिलेली असताना. १९७३ ला महिलांची संघटना डब्ल्यूटीए झाली, त्याच वर्षी यूएस ओपनने बायकांना पुरुषांइतकंच बक्षीस दिलं. आणि सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ३०,४७२ लोकांसमोर बिली जीनने बॉबी रिग्जला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, तो ५५ वर्षांचा माजी विम्बल्डन विजेता, बायकांना खेळता येत नाही म्हणत फिरत होता. विम्बल्डनला समान बक्षीस द्यायला मात्र २००७ साल लागलं. चौतीस वर्षं. आपल्या घरात मुलीला रॅकेट घेऊन द्यायची की क्लासची फी भरायची असा विचार चालू असतो तेव्हा हे सगळं माहीत असावं असं मला वाटतं.

आणि आपल्याकडेही हे आजचं नाही बरं का. मुंबईच्या लीला राव, १९३४ साली विम्बल्डनमध्ये मॅच जिंकलेली पहिली भारतीय बाई. त्यांची आई पंडिता क्षमा राव, संस्कृत विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी, ज्यांनी तुकोबा, ज्ञानोबा, रामदासांवर संस्कृतात काव्यं लिहिली, त्या स्वतः टेनिस खेळायच्या. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तुकोबांवर संस्कृतात काव्य लिहिणारी बाई संध्याकाळी कोर्टवर बॅकहँड मारायची हे चित्रच मला फार आवडतं. किती जणांना माहीत आहे? तुमच्या पुरवणीत कोणीतरी यावर सविस्तर लिहा, विनंती आहे.

खेळाचं तंत्र तर आमच्या डोळ्यादेखत बदललं, त्यावर फार लिहीत नाही. टायब्रेक, म्हणजे सेट बरोबरीत अडकला की एक शेवटचा गेम खेळून तो संपवायचा नियम, १९७० ला यूएस ओपनला आला, त्याआधी सेट संपायचाच नाही, ६९ च्या विम्बल्डनला गोन्झालेस आणि पासारेल यांची एक मॅच ११२ गेम चालली, पहिलाच सेट २४-२२. लाकूड जाऊन आधी धातू मग ग्राफाइट आलं, ७६ साली मोठ्या डोक्याची रॅकेट निघाली, १९८३ ला फ्रेंच ओपन जिंकलेला यानिक नोआ लाकडी रॅकेटचा तिथला शेवटचा. आतड्याची तात जाऊन पॉलिएस्टर आली, ९७ ला ब्राझीलचा कुएर्टेन ती घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि बॉलला असा फिरका द्यायला लागला की बेसलाईनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या बाहेर चाललेला वाटणारा बॉल आत पडायचा. बॉल पांढरा होता तो टीव्हीवर दिसावा म्हणून पिवळा झाला, विम्बल्डनने तर ८६ पर्यंत पांढराच ठेवला. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत लाईनवर माणूसही नाही, २०२५ पासून विम्बल्डनलाही कॅमेराच आऊट म्हणतो. दादा चुन्याच्या लाईनवर वाकून बॉलचा ठसा बघायचे, कोणाचा पॉईंट हे बोट लावून दाखवायचे, आणि त्या बाबतीत मात्र कुठलाही साहेब त्यांच्या शब्दाबाहेर जात नव्हता.

एक आठवण मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७४ चा सप्टेंबर, डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या टेनिस स्पर्धेची सेमीफायनल पुण्यात होती, भारत विरुद्ध रशिया. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा तीन दिवस रजा मागितली. मी चौदा वर्षांचा, मलाही नेलं. रात्रीच्या गाडीने उभ्याने गेलो, आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलेली, तीन दिवस तेवढ्यावर आणि चहावर काढले, रात्री स्टेशनवर चादर अंथरून झोपलो. लांबून बघितलं, पण बघितलं. विजय आणि आनंद अमृतराज. दादा स्कोअर बघतच नव्हते, ते विजयच्या सर्व्हिसचा टॉस, म्हणजे मारायच्या आधी वर उडवलेला बॉल, बघत होते, दर वेळी एकाच जागी कसा जातो ते मला कोपराने ढोसून दाखवायचे. भारत जिंकला, ३-१. फायनलला गेला. त्याआधी एकदाच गेला होता, १९६६ ला, रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जींच्या वेळी, मेलबर्नला ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो, पण डबल्स आपण जिंकली होती न्यूकोम्ब आणि रोशला हरवून. आता ७४ ला समोर दक्षिण आफ्रिका, आणि कप मिळायची खरी संधी. तर भारत सरकारने सांगितलं खेळायचं नाही. तिथं काळ्या माणसाला माणूस म्हणून वागवत नाहीत, त्यांच्याशी खेळणार नाही. कप न खेळता त्यांना गेला. खेळाडूंच्या जिवाला काय वाटलं असेल, त्यांचं ऐन वय होतं. मी तर रडलोच. दादा मात्र रोलरवर बसून विडी ओढत म्हणाले, ज्या कोर्टवर सगळ्यांना जाता येत नाही तिथला कप काय करायचा. हे वाक्य मी कधी विसरलो नाही. तेव्हा मला वाटलं ते आफ्रिकेबद्दल बोलतायत.

त्यानंतर ८७ ला परत फायनल झाली, स्वीडनकडून हरलो. ९६ ला अटलांटाला लिअँडर पेसने सिंगल्सचं ब्राँझ आणलं, आपल्या कराडकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५२ ला कुस्तीत आणलं होतं त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. सानिया मिर्झा २०१५ ला डबल्समध्ये जगात एक नंबर. २०२३ च्या एशियन गेम्सला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स डबल्सचं गोल्ड आणणारी ऋतुजा भोसले आपल्या महाराष्ट्राची. आणि बोपण्णाने तर २०२४ ला वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली.

आणि टेनिस सोलापूरचा खेळ नाही म्हणता, तर आपल्या जिल्हा क्रीडा संकुलात महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्यात, परदेशातल्या पोरी येऊन खेळून गेल्यात. या छोट्या स्पर्धांमधूनच वर चढायचं असतं, इथले दोनचार पॉईंट जमवत जमवत रँकिंगला नाव लागतं. मी नातीला घेऊन गेलो होतो. एक परदेशी पोरगी, अठरा एकोणीस वर्षांची असेल, सेट हरली आणि खुर्चीवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली, आई नाही बाप नाही बरोबर कोणी दिसलं नाही. नात मला विचारते, आजोबा तिला कोण घेऊन आलं? मी म्हटलं एकटी आली असेल. नात म्हणाली मग मी पण येईन एकटी, मला रस्ता माहीत आहे. नऊ वर्षांची आहे ती. सोलापूर सगळ्यांना टॉवेल पुरवतं, तो डोक्यावर घेऊन कोर्टवर बसणारी एखादी आपली पोरगी का नसावी हो?

आता मुद्द्याचं. टेनिस महाग आहे हे मान्य, पण सुरुवात महाग नाही. दहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी २०१२ पासून जगभर स्पर्धेत मऊ बॉल वापरायचा नियम आहे. लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा ७५ टक्के हळू, केशरी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. लाल बॉलला कोर्ट लागतं फक्त ३६ फूट बाय १८ फूट. म्हणजे एका मोठ्या कोर्टवर अशी चार आरामात बसतात, आणि कोर्ट नसेल तर शाळेच्या पटांगणात खडूने लाईनी मारा आणि दोन खांबाला दोरी बांधा, झालं. महापालिकेच्या शाळांना पटांगणं आहेत. विडी घरकुलमध्ये, जुन्या गिरणगावात पोरं आहेत, मोबाईल सोडून काहीतरी हातात द्या त्यांच्या. उन्हाचं कारण सांगतील, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ ला जातो हे खरं, पण सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर कोण अडवतंय, दादांनी सगळे उन्हाळे त्याच वेळेत काढले.

त्या कोर्टबद्दल माझी मागणी एवढीच की दिवसातले दोन तास, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, कुठल्याही पोराला नाममात्र फीवर खेळू द्यावं, मेंबर असो नसो, आणि तशी पाटी गेटवर बाहेरच्या बाजूने लावावी. साहेब लोकांनी आपल्या वेळेला खुशाल खेळावं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्यामुळेच कोर्ट टिकलं. पण रिकाम्या वेळेला कुलूप नको. मी या संदर्भात दोनदा चौकशीला गेलो, एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं अर्ज द्या, अर्ज दिला, पोच मिळाली, पाच महिने झाले.

दादांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांची स्वतःची अशी एकच रॅकेट होती, एका मेंबरने जुनी झाली म्हणून दिलेली, ती प्रेससकट माझ्याकडे आहे. दिवाळीला स्क्रू सैल करून तेल लावतो आणि परत आवळून ठेवतो. लाल बॉलचे दोन डबे मी पुण्याहून मागवून घेतलेत, माझ्या गल्लीतली सात पोरं आणि आमची नात तयार आहे, लाईनी कशा आखायच्या ते मला येतं. त्या गेटची किल्ली नक्की कोणाकडे असते एवढं तुमच्या वार्ताहराने शोधून छापलं तर मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिथं हजर आहे.

आपला,
एका मार्करचा मुलगा
सोलापूर